लाल अक्षरातला मिनरल रिपोर्ट आणि अकरा हजारांच्या पुड्या

माझी धाकटी बहीण सातव्या महिन्यात बाळंतपणासाठी माहेरी आली. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून केलेल्या तपासणीत दोन तासांनंतरची शुगर १४०च्या वर निघालेली, म्हणजे गरोदरपणातला मधुमेह. पथ्य करूनही जेवणानंतरचा आकडा १२०च्या खाली येईना, म्हणून डॉक्टरीणबाईंनी इन्सुलिन सुचवलं. नेमकं तेव्हाच, ओळखीतून एक ‘न्यूट्रिशन कोच’ घरी आल्या. "डॉक्टर शुगर बघतात, ती का वाढली ते कुठे बघतात? मिनरल्स तपासा."

त्यांच्या माणसाने घरी येऊन रक्त नेलं. साडेतीन हजार. रिपोर्टमध्ये जस्त कमी, तांबं जास्त, क्रोमियम कमी, सगळं लाल अक्षरात. आई तर रडायलाच लागली. मग अकरा हजारांच्या पुड्या आल्या आणि वर व्हॉट्सॲपवर सूचना: इन्सुलिन नको, लोहाच्या गोळ्याही बंद, त्या जस्त शोषू देत नाहीत. लोहाच्या मोठ्या डोसने जस्ताचं शोषण कमी होतं हे खरंच आहे. थापेत असा खऱ्याचा खडा टाकलेला असतो.

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहून आधी खालची बारीक ओळ दाखवली. नॉर्मल म्हणून दिलेले आकडे गरोदर नसलेल्या बाईचे होते! गरोदरपणात रक्तातलं पाणी जवळपास निम्म्याने वाढतं, जस्त वाहून नेणारं अल्ब्युमिन हे प्रथिन घटतं, त्यामुळे जस्ताचा आकडा उतरतो. इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे यकृत सेरुलोप्लाझ्मिन नावाचं प्रथिन जास्त बनवतं, त्यात तांबं असतं, म्हणून शेवटच्या महिन्यांत तांबं दुपटीच्या आसपास जातं. म्हणजे शुगर असो वा नसो, सातव्या महिन्यातल्या जवळजवळ कुणाचंही रक्त दिलं असतं तरी तांबं लालच आलं असतं. क्रोमियम रक्तात इतकं कमी असतं की सुईच्या पोलादानेही आकडा बिघडतो. अशा तपासणीला गडद निळ्या झाकणाची खास नळी लागते. आमच्याकडे साधी लाल झाकणाची आली होती.

इन्सुलिन त्याच संध्याकाळी सुरू झालं, लोहाच्या गोळ्याही. त्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, कॅल्शियमसुद्धा. फक्त दोन्ही एकत्र घ्यायच्या नाहीत.

पुड्यांच्या डब्यावर इंग्रजीत छापलं होतं की हे औषधी वापरासाठी नाही. पैसे परत मागितले तर कोचबाई म्हणाल्या, "मी इन्सुलिन बंद करा असं म्हटलंच नाही." व्हॉट्सॲपवरचा मेसेज त्यांनी पुसला, पण त्याचा फोटो मी आधीच काढून ठेवला होता. मधुमेह बरा करण्याच्या जाहिरातींना १९५४च्या औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने बंदी आहे, हे सांगितल्यावर त्यांनी फोन उचलणंच सोडलं. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. कुणाकडे असा रिपोर्ट आला तर पावती, डबा आणि मेसेज जपून ठेवा, आणि पुडी फोडण्याआधी तो रिपोर्ट आपल्या प्रसूतितज्ज्ञांना दाखवा.