लातूरहून एका दिवसात, एकट्याने: अंबाजोगाई–धर्मापुरी की खरोसा–निलंगा?

लातूरहून दुचाकी काढून एकट्याने जुनी देवळं बघायची तर दोन फेऱ्या सोयीच्या आहेत. उत्तरेला अंबाजोगाई–धर्मापुरी, दक्षिणेला खरोसा–निलंगा. पहिली दीडशे किलोमीटरच्या आत-बाहेर, दुसरी सव्वाशेच्या आत. पण अंतरावरून ठरवू नका, दगड आणि माती बघून ठरवा.

उत्तरेकडचं काम काळ्या दगडातलं. अंबाजोगाईच्या कडेला बाराखांबी म्हणजे सकलेश्वराचं देऊळ आहे. यादव राजा सिंघणाचा सेनापती खोलेश्वर याच्या काळातलं, इथला शिलालेख 1228 चा. हत्तीखाना हे शैलगृह (खडकात कोरलेलं लेणं) गावाजवळच आहे. दगडातलं अंगण, नंदीमंडप आणि आख्ख्या खडकातून काढलेले हत्ती. पण या फेरीचा खरा ऐवज धर्मापुरीला, केदारेश्वराच्या बाहेरच्या भिंतीवर. सुरसुंदरींच्या (भिंतीवर कोरलेल्या अप्सरांच्या) बांगड्या, केसांच्या गाठी, पायातले वाळे अजून बोटाने मोजता येतात. गाभाऱ्यात पाच मिनिटं पुरेत, बाहेरून मात्र निवांत दोन फेऱ्या मारा. गावातल्या कोटाच्या भिंतींतही जुन्या देवळांचे कोरीव दगड बसवलेले दिसतात.

खरोशाची लेणी जांभ्या दगडात आहेत. जांभा सच्छिद्र, त्यामुळे कोरीव काम झिजून मऊ झालंय. कैलास उचलणारा रावण ओळखू येतो, त्याचे चेहरे शोधावे लागतात. बारकाव्यांची हौस असेल तर निराशा होईल. ती कसर निलंग्याचं नीलकंठेश्वर भरून काढतं. एका मंडपाला तीन गाभारे (शिव, विष्णू आणि हरगौरी) आणि बाहेर चांदणीसारख्या कोनांची भिंत. पूजा चालू असलेलं देऊळ आहे, तेव्हा सोमवारी आणि श्रावणात गर्दी धरून चाला.

गंमत अशी की ज्या दगडाने मूर्ती घालवल्या तोच गाडी वाचवतो. खरोशाच्या टेकडीवर मुरूम आहे, पाऊस झाला तरी पाणी मुरतं आणि चाक फसत नाही. धर्मापुरीच्या बाजूला शिवारात काळी माती. पावसात डांबर सोडून शंभर पावलं गेलात तरी चिखल टायर आणि मडगार्डच्या मध्ये थापला जातो आणि पुढचं चाक जाम होतं. तेव्हा जोर लावून एक्सलेटर पिळू नका, क्लच जळतो. उतरून काडीने चिखल उकरा. जून ते सप्टेंबर खरोसा, नोव्हेंबर ते फेब्रुवारी धर्मापुरी, असा आमचा सरळ कौल.

हिवाळ्यात धर्मापुरीकडे दुसरी अडचण: उसाच्या ट्रॉल्या. मागे दिवा नसतो आणि ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला असतो. अंधार पडायच्या आत लातूर गाठायचंच. त्यासाठी सकाळी सहाला निघा, साडेसातला बाराखांबी, दहाच्या आत धर्मापुरी. उन्हं तिरकी असतात तोवरच कोरीव काम उठून दिसतं, भर दुपारी भिंत सपाट वाटते. परतताना घाटनांदूर, पानगाव, रेणापूर. पानगावचं विठ्ठलाचं जुनं देऊळही वाटेत होतं.

खरोशाला औसा, मग लामजना पाटीवरून (फाट्यावरून) निलंग्याच्या दिशेने. आठला निघालात तरी चालतं, दुपारी तीनपर्यंत घरी. स्कूटी असेल किंवा पहिल्यांदाच एकटे निघत असाल तर हीच फेरी घ्या.

दोन्हीकडे बाभळीचा काटा आहेच. ट्यूबलेस टायरमध्ये काटा घुसलाय पण हवा टिकतेय, तर तो उपसू नका. पाटीवरच्या पंक्चरवाल्यापर्यंत तसेच जा. ट्यूबचा टायर असेल तर नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून जुनं फडकं फिरवून घ्या. काट्याचं टोक मोडून आत राहतं, बाहेरून दिसत नाही, आणि पाच किलोमीटरवर नवी ट्यूबही पंक्चर होते. फडकं जिथे अडकेल तिथे टोक, ते पकडीने काढा. स्टँड मातीत रुततो म्हणून त्याखाली चपटा दगड ठेवा (देवळाचा नव्हे).

पेट्रोल निघतानाच भरा. सव्वाशे सीसीच्या गाडीला मोठ्या फेरीला तीन-साडेतीन लिटर लागतं. पाणी दोन लिटर आणि गाभाऱ्यासाठी टॉर्च. मोजे जुने घ्या. जोडे बाहेर काढल्यावर दुपारी काळ्या फरशीवर अनवाणी चार पावलंही टाकवत नाहीत, जांभ्यावर खडे टोचतात.

तेर तिसरा पर्याय म्हणून सुचवतात, मुरूडवरून. पण विटांचं त्रिविक्रम देऊळ आणि संग्रहालय नीट बघायला अख्खा दिवस लागतो. ते या फेऱ्यांत कोंबू नका.