ओपन ॲक्सेसच्या नावाखाली माझा पेपर अडकवला, पीएचडीवाल्यांनी जरूर वाचा

पीएचडी करणाऱ्या आणि प्रमोशनसाठी पेपर छापायच्या धावपळीत असलेल्या सगळ्यांसाठी लिहितेय. पैसे गेलेच, पण त्याहून वाईट म्हणजे पेपर अडकला.

विषय होता सांगोला तालुक्यातल्या डाळिंबवाल्यांच्या कर्जाचा. तेल्या रोगाने बाग गेल्यावर सोसायटीचं कर्ज फेडायला लोकांनी सावकाराकडून कसं उचललं, हे वाड्यावस्त्यांवर फिरून, लोकांची पासबुकं बघून गोळा केलं होतं. जर्नल मी तेव्हाच्या यूजीसी-केअर यादीतूनच, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्य संशोधन-नियतकालिकांच्या यादीतूनच निवडलं, नाव बरोबर, आयएसएसएन नंबर (जर्नलचा ओळख क्रमांक) बरोबर, गूगलवर टाकलं तर पहिलीच वेबसाइट आली तीही व्यवस्थित, संपादक मंडळ, जुन्या अंकांची मुखपृष्ठं, वर मोठ्या अक्षरात ओपन ॲक्सेस, म्हणजे कुणालाही फुकट वाचता येणारं. दोन-तीन दिवसांत ॲक्सेप्टन्स लेटर आलं आणि लगेच व्हॉट्सॲपवर एक जण मागे लागला, मॅडम या अंकात दोनच जागा उरल्यात, आजच फी भरा. फी यूपीआयने, कुणातरी माणसाच्या नावावर. सहलेखक म्हणून गाईडचं नाव होतं, त्यांच्या सर्टिफिकेटचे वेगळे पैसे.

अंक आला आणि पोटात गोळाच आला. त्याच अंकात काँक्रीटची मजबुती, त्यातच कालिदास आणि त्यातच म्हशींचा कासदाह. माझ्या तक्त्यातला शेवटचा रकाना, म्हणजे नेमका व्याजदराचा, पानाबाहेर कापला गेलेला. एका तरी माणसाने पेपर वाचला असता तर हे दिसलंच असतं.

मग ते जर्नल काढणाऱ्या जुन्या संस्थेचा लँडलाइन नंबर शोधून फोन केला. पलीकडचे काका म्हणाले, "अहो ताई, आमची वेबसाइटच नाही. आमचं त्रैमासिक फक्त छापील निघतं. असे बरेच फोन येतात." म्हणजे नाव आणि नंबर उचलून कुणीतरी डुप्लिकेट साइट उभी केली होती, खऱ्या जर्नलला इंटरनेटवर पत्ताच नाही म्हटल्यावर गूगलवर तीच वर येणार. त्या डुप्लिकेट साइटवाल्यांना मी पेपर काढून टाका म्हटलं तर पेपर मागे घ्यायचीही फी मागितली, आणि दुसरीकडे पाठवावा तर तो आधीच छापलेला म्हणून नाकारतात.

यावरून आमच्या स्टाफरूममध्ये ओपन ॲक्सेस म्हणजेच फसवाफसवी असं बोललं जातं, ते मला अजिबात पटत नाही. २००२ च्या बुडापेस्ट जाहीरनाम्यापासून यामागचा विचार एवढाच आहे की संशोधन कुणालाही फुकट वाचता यावं, म्हणजे माझा पेपर सांगोल्यातल्या शेतकऱ्याच्या मुलालाही वाचता यायला हवा. आणि लेखकाने पैसे भरलेच पाहिजेत असंही नाही. डीओएजे नावाची ओपन ॲक्सेस जर्नल्सची यादी आहे, त्यातली निम्म्याहून जास्त जर्नल्स लेखकाकडून काहीच घेत नाहीत, जी घेतात त्यांची फी तिथे उघड लिहिलेली असते. फी लपवणं आणि तज्ज्ञांकडून पेपर तपासून घेतल्याच्या खोट्या बाता मारणं हा वेगळाच धंदा आहे. हैदराबादच्या ओमिक्स या जर्नल्स काढणाऱ्या कंपनीला यासाठीच अमेरिकेतल्या कोर्टाने २०१९ मध्ये ५ कोटी डॉलरहून जास्त भरायला सांगितलं होतं.

फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने केअर यादीच बंद केली, आता जर्नल पारखायचं काम कॉलेज आणि विद्यापीठांवर आलंय. त्यामुळे गूगलवरून जर्नलच्या साइटवर जाऊच नका. आयएसएसएन पोर्टलवर नंबर टाका, जर्नल छापील आहे की ऑनलाइन ते तिथे कळतं. दोन्हीचे नंबर वेगळे असतात, छापीलचाच नंबर लावून कुणी ऑनलाइन अंक काढत असेल तर तिथेच थांबा. संपादक मंडळातल्या एखाद्या प्राध्यापकांना त्यांच्या विद्यापीठाच्या साइटवरच्या ईमेलवर विचारा, तुम्ही खरंच या मंडळावर आहात का.

पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, पेपर मागे घ्यायची फी मात्र देऊ नका. खऱ्या त्रैमासिकाच्या संपादकांनी मला लेटरहेडवर लिहून दिलं की ती साइट आमची नाही आणि हा पेपर आम्ही छापलेला नाही. ते पत्र जोडून सगळी हकीकत कळवली, तेव्हा दुसऱ्या एका जर्नलने पेपर तपासणीला घेतलाय. असं पत्र मागायला लाजू नका, संपादक देतात, नाव त्यांचंही खराब होत असतं.