'समजलं का?' विचारणं बंद केलंय, प्लिकर्स कार्डं वापरून दीड वर्ष झालं

आमची शाळा जिल्हा परिषदेची, माझ्याकडे सातवीचं गणित आणि विज्ञान, पट ३४. वर्गात प्रोजेक्टर नाही, पोरांकडे फोन असण्याचा प्रश्नच नाही, घरी एक फोन तोही वडिलांबरोबर कामावर जातो. हे आधीच सांगते कारण शिक्षकांसाठीच्या बऱ्याच ॲपचं कौतुक वाचलं की खाली कळतं प्रत्येक मुलापुढे टॅब पाहिजे. प्लिकर्स या ॲपला तसं काही लागत नाही. फोन एकच, शिक्षकाचा. पोरांच्या हातात कागद.

हे काय असतं ते थोडक्यात. प्रत्येक मुलाला एक कार्ड, त्यावर क्यूआर कोडसारखा काळा चौकोनी आकार, आणि चार बाजूंना बारीक अक्षरात ए, बी, सी, डी. जे उत्तर वाटतं ती बाजू वर करून कार्ड धरायचं. आपण फोनचा कॅमेरा डावीकडून उजवीकडे हळू फिरवायचा, एका वेळी पाच-सहा कार्डं सहज वाचली जातात, आख्खा वर्ग व्हायला अर्धा मिनिट पण लागत नाही. कुणाचं बरोबर कुणाचं चूक ते नावासकट फोनवर दिसतं. प्रत्येक कार्डावरचा आकार वेगळा आणि अक्षरं इतकी बारीक की शेजारच्याचं बघून काही कळत नाही, आणि खरं सांगू तर माझ्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे. हात वर करायला सांगितलं की पहिली दोन हुशार पोरं हात कुठे करतात ते बघून बाकीचे हात वर जातात, हे प्रत्येक शिक्षकाला माहितीये.

आता ज्या तासाला मला हे पटलं तो तास सांगते. पूर्णांक संख्यांचा गुणाकार शिकवून झाला होता, 'ऋण ऋण धन' सगळ्यांचं तोंडपाठ, मी विचारलं समजलं का, आख्ख्या वर्गाचा एका सुरात होऽऽऽ. मग मी मुद्दाम मागचा प्रश्न टाकला, फळ्यावर लिहिलं (−३) + (−५) = ? आणि पर्याय दिले ए ८, बी −८, सी २, डी −२. कार्डं वर झाली, फोन फिरवला आणि अर्ध्याहून जास्त वर्ग ए वर. बेरजेलासुद्धा 'ऋण ऋण धन' लावून मोकळे! मागच्या महिन्यात हीच पोरं ही बेरीज नीट करत होती, मी गुणाकार शिकवल्यावर ती बिघडली, आणि कार्डं नसती तर मला ते थेट घटक चाचणीच्या पेपरात दिसलं असतं, तेव्हा आपण दोन धडे पुढे गेलेलो असतो.

तेव्हा उत्तर सांगितलं नाही. हार्वर्डमध्ये एरिक माझुर म्हणून भौतिकशास्त्राचे प्राध्यापक आहेत, त्यांनी १९९० च्या दशकात ही पद्धत रुजवली, आधी प्रत्येकाने एकट्याने उत्तर द्यायचं, मग शेजाऱ्याला आपलं उत्तर पटवायचं, मग परत उत्तर द्यायचं. ते कॉलेजच्या पोरांसाठी होतं पण सातवीला पण चालतं. दोन मिनिटं दिली. मधल्या बाकावरची एक मुलगी, एरवी तासाला तोंड उघडत नाही, ती शेजारणीला सांगत होती, "अगं दुकानदाराची तीन रुपये उधारी, मामाची पाच, मग उधारी आठची झाली ना, खिशात आठ आले कुठनं?" मी तिथेच उभी होते. दुसऱ्यांदा कार्डं वर केली तर बरीच बी वर आलेली, सात-आठ जण राहिले, त्यांना मधल्या सुट्टीआधी वेगळं घेतलं. हे सात-आठ कोण ते मला नावानिशी माहीत होतं, अंदाजाने नाही.

म्हणून माझं मत असं की ॲपपेक्षा जास्त मेहनत पर्यायांवर घ्या. चुकीचा पर्याय उगाच टाकायचा नाही, पोरं खरोखर जी चूक करतात ती त्यात पाहिजे. वरच्या प्रश्नात ८ म्हणणाऱ्याने गुणाकाराचा नियम बेरजेला लावलाय, −२ म्हणणाऱ्याने वजाबाकी केलीये, २ म्हणणाऱ्याने वजाबाकी करून चिन्ह पण सोडलंय. तिघांचं दुखणं वेगळं, औषध वेगळं. जुन्या वह्या चाळल्या की असे पर्याय आयते मिळतात, मी आता वही तपासताना चुका मागच्या पानावर टिपून ठेवते.

बाकीचं पण वापरून बघितलंय. पाटी अजूनही भारी आहे, उत्तर लिही आणि 'दाखवा' म्हटलं की वर, आकृती काढायची असेल किंवा समीकरण सोडवायचं असेल तर कार्डापेक्षा पाटीच बरी कारण पायऱ्या दिसतात. फक्त नोंद राहत नाही आणि ३४ पाट्या एका नजरेत वाचून होत नाहीत. तास संपताना चिठ्ठी घेणं, आज काय कळलं नाही ते पाव पानावर लिहून दारात द्यायचं, हे विज्ञानाला फार उपयोगी पडतं पण वाचायला घरी अर्धा तास जातो. कहूट, म्हणजे स्क्रीनवरचा प्रश्नमंजुषेचा खेळ, मजेशीर आहे, पोरं खूश, पण उपकरणं लागतात आणि नेहमीच्या खेळात लवकर उत्तर देणाऱ्याला जास्त गुण मिळतात, मला गणितात ती घाई नकोय. गूगल फॉर्मची चाचणी घरी सोडवायला दिली तर उत्तरं मोठ्या भावाची येतात.

अडचणी पण सांगते. प्लिकर्सच्या फुकटच्या खात्यात एका प्रश्नसंचात ५ च प्रश्न घेता येतात, मला तेवढे पुरतात, एका तासात तीनपेक्षा जास्त विचारतच नाही. पर्याय चारच, म्हणजे चारात एक अंदाजाने लागू शकतं, म्हणून एकाच कल्पनेवर दोन वेगळे प्रश्न विचारा. प्रश्न टाईप करत बसायची पण गरज नाही, मी फळ्यावर लिहिते आणि ॲपमध्ये नुसतं बरोबर अक्षर ठरवून ठेवते.

पहिल्या महिन्यात स्कॅन होईना म्हणून मी वैतागले होते, दोष लॅमिनेशनचा निघाला. कार्डं टिकावीत म्हणून चकचकीत लॅमिनेशन करून आणलं आणि खिडकीचा उजेड त्यावर असा चमकायचा की कॅमेऱ्याला काही दिसेना. मॅट करून घ्या नाहीतर जाड कार्डशीटवर नुसती प्रिंट काढा. दुसरं म्हणजे पोरांची बोटं. पोरं कार्ड मधोमध धरतात, अंगठा काळ्या भागावर येतो आणि ते कार्ड वाचलंच जात नाही. पहिल्या दिवशी पाच मिनिटं फक्त कडेला धरायचा सराव घ्या. आणि ज्यांच्या पाठीमागे खिडकी आहे त्यांची कार्डं अंधारी दिसतात, मी त्या रांगेच्या बाजूची झडप तेवढ्यापुरती लोटून घेते.

एक गोष्ट कळकळीने सांगायचीये, ह्याचे गुण धरू नका. २०१० पासून आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे, सातवीला आकारिकचे (वर्गातल्या रोजच्या कामाचे) ४० आणि संकलितचे (सत्राअखेरच्या परीक्षेचे) ६० गुण, त्यामुळे कार्डांच्या उत्तरांची टक्केवारी आकारिकमध्ये टाकायचा मोह होतो. मी एका सत्रात तसं केलं. आठवडाभरात पोरं कार्ड वर करण्याआधी एकमेकांकडे बघायला लागली, खाली बोटांनी खुणा सुरू झाल्या, आणि मला खरं काय ते दिसेनासं झालं. गुण बंद केले, वर्गात तसं स्पष्ट सांगितलं, तरी गाडी रुळावर यायला महिना गेला. प्रगतिपुस्तकातल्या वर्णनात्मक नोंदी लिहिताना मात्र ॲपमधला रिपोर्ट उघडून बसते, कुणाला कुठे अडलं होतं आणि कधी सुटलं हे तारखेसकट समोर असतं.

खर्च म्हणाल तर ४० कार्डांचा संच त्यांच्या साईटवर फुकट, एका पानावर दोन म्हणजे २० पानं, कार्डशीट धरून मला अडीचशेच्या आसपास पडले. पाचपैकी साडेचार देईन, अर्धा कापलाय तो पायऱ्या दिसत नाहीत म्हणून. कार्डावर मुलांची नावं लिहू नका, नंबर छापलेलाच असतो, हजेरी क्रमांकाप्रमाणे वाटा, म्हणजे पुढच्या वर्षीच्या सातवीला तोच संच चालेल. माझा दुसऱ्या वर्गाच्या हातात गेलाय, फक्त १२ आणि २७ नंबर पुन्हा छापावे लागले.