म्हाताऱ्या घोडीची भिजवलेली चंदी: चार महिन्यांच्या वापरानंतर

वयस्क घोड्यांसाठी मिळणाऱ्या, पाण्यात भिजवून द्यायच्या गोळीखाद्याबद्दलचा हा अभिप्राय मी माझ्या 26 वर्षांच्या घोडीला ते चार महिने खाऊ घातल्यानंतर लिहीत आहे. तिच्या गव्हाणीखाली रोज सकाळी अर्धवट चावलेल्या गवताचे लिंबाएवढे ओले बोळे पडलेले असत, लिदीत बोटभर लांबीच्या काड्या तशाच निघत आणि समोर भरपूर वैरण असूनही बरगड्या मोजता येऊ लागल्या होत्या.

खाद्य बदलण्याआधी दात तपासून घेतले, हे बरे झाले. घोड्याची दाढ हिरडीखालून दरवर्षी सुमारे 2 ते 3 मिलिमीटर वर सरकते आणि चावताना साधारण तेवढीच झिजते. म्हातारपणी हा साठाच संपत येतो. शिवाय वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असल्यामुळे वरच्या दाढांची गालाकडची आणि खालच्या दाढांची जिभेकडची कड धारदार होते. डॉक्टरांनी गुंगीचे इंजेक्शन देऊन, जबडा उघडा ठेवणारी चौकट बसवून आत विजेरी धरली, तेव्हा गालाच्या आतली जखम मलाही दिसली. त्या कडा कानशीने बोथट झाल्या, परंतु मागच्या दोन दाढा पार गुळगुळीत झालेल्या होत्या आणि त्यांवर कानशीचा इलाज नव्हता. चावण्याचे काम आता खाद्यानेच हलके करायला हवे होते.

त्या कसोटीला हे खाद्य उतरले. तंतू आधीच बारीक दळलेले असल्यामुळे वैरणीची जागा ते बऱ्याच अंशी घेते. कोमट पाण्यात गोळ्या वीस मिनिटांत फुलतात, गार पाण्यात मात्र तास उलटून गेला तरी एखाददुसरी गोळी मध्यभागी टणक राहते, म्हणून बादलीच्या तळाशी हात घालून लगदा चिमटीत दाबून पाहिल्याशिवाय मी तो पुढे ठेवत नाही. नीट न चावता घाईने गिळलेले कोरडे खाद्य अन्ननलिकेत अडकून बसू शकते. मग नाकपुड्यांतून खाद्यमिश्रित लाळ वाहू लागते आणि डॉक्टरांना धावत बोलवावे लागते. असे असताना पोत्यावर ‘हवे असल्यास भिजवावे’ एवढेच छापले आहे, हे मला बेजबाबदारपणाचे वाटते.

दुसरी तक्रार मापाची. पोत्यावर प्रमाण ‘मगां’त दिले आहे, माझ्या मगात सव्वा किलो बसते, मोतद्दाराच्या मगात पाऊण. वैरण पूर्ण बंद असेल तर घोड्याला दिवसाला वजनाच्या दीड ते दोन टक्के कोरडे खाद्य लागते, म्हणजे 400 किलोच्या घोडीला 6 ते 8 किलो, आणि तेही चार-पाच वेळा विभागून. दोन मगांवर भागवणारा मालक घोडी उपाशी ठेवील आणि दोष खाद्याला देईल. स्टार्च व साखरेचे प्रमाण तर कुठेच छापलेले नाही. लॅमिनायटिस, म्हणजे स्टार्च-साखरेच्या अतिरेकाने उद्भवू शकणारा खुराच्या आतला दाह, होऊन गेलेल्या घोड्यासाठी त्यामुळे हे पोते मी घेणार नाही.

माझ्या घोडीसाठी पुन्हा घेईन. बरगड्या आता हाताला लागतात, नजरेला दिसत नाहीत, आणि बादलीची चाहूल लागताच ती खुराने दार वाजवते. दातांची पुढची तपासणी सहा महिन्यांनी ठरली आहे. मधल्या वेळेत तोंड चालू राहावे म्हणून थोडे कोवळे गवत तिच्यापुढे असते. ती ते चघळते, बोळा करून टाकते, आणि त्याची आता मला धास्ती वाटत नाही.