१२०० वॅटचा ट्रिम राउटर आणि न पकडणारं कोलेट

नव्या ट्रिम राउटरच्या (लाकडाच्या कडा आणि खाचा कापायच्या हातयंत्राच्या) लेबलवर ठळक १२०० वॅट आणि त्याच्याच खाली बारीक अक्षरांत २३० व्होल्ट, २.८ अँपियर. गुणाकार केला तर येतात ६४४. लबाडी खोकं उघडलं तेव्हाच समोर होती, पण मोठा आकडा वाचल्यावर लहान आकडा कोण वाचतो!

६४४ वॅट वाईट नाहीत, हेही सांगायला हवं. एका हातात धरायच्या ट्रिम राउटरला तेवढी ताकद पुरते. बॉशचा जीकेएफ ५५० नावाप्रमाणे ५५० वॅटचा आहे, मकिताचा आरटी०७०० मालिकेतला ७१० वॅटचा. लॅमिनेटच्या कडा मारायला, कडेला गोलाई द्यायला, बिजागरीचा खाचा करायला यापेक्षा जास्त लागत नाही. वॅटचा फुगवलेला आकडा हे नुसतं आमिष होतं. खरं नुकसान झालं ते कोलेटमुळे, म्हणजे बिटाचा (फिरून कापणाऱ्या हत्याराचा) दांडा आवळून धरणाऱ्या पकडीमुळे.

६ मिमीचा सरळ बिट, खोली ३ मिमी लावलेली, प्लायमध्ये अर्ध्या मीटरची खाच. सुरुवातीला खोली ३ मिमी, शेवटाला जवळपास ५. बेसचं, म्हणजे खोली ठरवणाऱ्या तळपाटीचं, लॉक जागच्या जागी घट्ट होतं. सरकला होता तो बिट. बाहेर काढल्यावर त्याच्या दांड्यावर काळपट कडी उमटलेली दिसली. दांडा कोलेटच्या आत घसरत फिरला की अशी खूण पडते. व्हर्नियर (बारीक माप घ्यायची पट्टी) लावला तेव्हा उलगडा झाला. कोलेटवर कोरलं होतं ६, आतलं भोक होतं ६.३५, म्हणजे पाव इंची. हा ०.३५ मिमीचा फरक नट आवळून भरून निघत नाही. कोलेट फक्त तोंडाशी मिटतं, दांडा पूर्ण लांबीवर पकडला जात नाही. त्यातून भुसा वर काढणारा स्पायरल (पिळाचा) बिट असेल तर तो स्वतःलाच लाकडात ओढून घेतो. मिनिटाला ३०,००० फेऱ्यांवर बिट सुटून उडाला असता तर हे वाचायची पाळी वेगळ्याच कारणाने आली असती.

दुसरी खोट डोळ्यांना दिसत नव्हती. बिट डगमगत होता. डायल गेज (बारीक डगमग मोजायचं काट्याचं उपकरण) नसला तरी हे तपासता येतं: प्लग काढा, दांड्याजवळ लाकडी ठोकळा पक्का करा, स्पिंडल (मोटरचा फिरणारा आस) हाताने फिरवत दांडा ठोकळ्याच्या सर्वांत जवळ येतो ती जागा शोधा आणि तिथे ठोकळा जेमतेम टेकवा. मग स्पिंडल अर्धा फेरा फिरवा. साधा कागद सुमारे ०.१ मिमी जाडीचा असतो. एक कागद फटीत सहज शिरला तर यंत्र नको. इथे दोन शिरून वर जागा उरली, गेजवर ०.२५ मिमी. अशा यंत्रात ६ मिमीचा बिट ६.२५ मिमीची खाच काढतो, आणि दोन पात्यांपैकी एकच कापतं, दुसरं नुसतं घासतं. लाकूड जळतं ते त्यामुळे. मग माणूस बिट बोथट झाला समजून नवे बिट आणत बसतो.

दोष कशात आहे हे ठरवायला कोलेट काढून, ते जिथे बसतं त्या स्पिंडलच्या आतल्या उतारावर गेज टेकवायचा. उतार सरळ फिरत असेल तर दोष कोलेटचा, चांगलं कोलेट घालून काम भागतं. उतारच वाकडा फिरत असेल तर पुढे खटपट करू नये. या यंत्राचा उतारच वाकडा होता.

सोबत १५ बिटांचा संच फुकट होता. फुकटच म्हणायचा. फ्लश ट्रिम बिटावर (बेअरिंगच्या आधाराने कड खालच्या पृष्ठाच्या सपाटीला आणणाऱ्या बिटावर) पात्याचा व्यास १२.७ मिमी आणि बेअरिंगचा १२.९, त्यामुळे लॅमिनेटची कड ०.१ मिमी उभीच राहते आणि बोटाला लागते. बेअरिंग आणि पातं एकाच मापाचं नसेल तर त्या बिटाचा उपयोग नाही.

‘कॉपर वाइंडिंग’चं, म्हणजे मोटरमधल्या तांब्याच्या तारेच्या गुंडाळीचं, काय, ते मोटर जळाल्यावर कळलं. तार कापली तर वरून तांब्याचा रंग, आत पांढरं: तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम. अ‍ॅल्युमिनियमचा विद्युतरोध तांब्याच्या सुमारे १.६ पट असतो, म्हणजे तेवढ्याच जाडीची तार जास्त तापते. हे बाहेरून ओळखता येत नाही. जाळीतून दिसतो तो वार्निशचा रंग.

आता परतीचा सापळा. विक्रेत्याचं उत्तर एका ओळीचं होतं: लाकडाचा भुसा दिसतोय, म्हणजे माल वापरलेला आहे. वॉरंटीच्या कागदावर कार्बन ब्रश, कोलेट, बेअरिंग, वायर आणि आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) वगळलेले होते. उरलं काय, तर प्लास्टिकची बॉडी!

म्हणून तपासणीचा क्रम महत्त्वाचा, आणि त्यात लाकूड सर्वांत शेवटी. खोकं उघडतानाच व्हिडिओ काढावा. खोक्यावरचा आणि बॉडीवरचा सीरियल नंबर त्यात वाचता आला पाहिजे. बिलावर नुसतं ‘वुड ट्रिमर’ नको, मॉडेल क्रमांक हवा. मग अँपियर आणि व्होल्टचा गुणाकार. मग व्हर्नियरने बिटाचा दांडा आणि कोलेट. नट सैल असताना दांडा आत सरकावा, पण आडवा हलू नये. (रिकामं कोलेट कधीही आवळू नका, ते कायमचं मिटतं.) मग कागदाची परीक्षा. बेस लॉक करून वरून जोर द्यावा; खोलीची खूण हलली तर लॉक कुचकामी. त्यानंतर कोलेट आणि नट दोन्ही काढून यंत्र एक मिनिट चालवावं. ‘सॉफ्ट स्टार्ट’ (हळूहळू वेग घेणं) लिहिलेलं असूनही हाताला हिसका बसत असेल तर ते फक्त खोक्यावरच आहे. वेगाची चकती फिरवून आवाज बदलतो का ऐकावं. पण नुसता आवाज बदलला म्हणून भुलू नका, पंख्याच्या रेग्युलेटरसारखी साधी चकतीही तेवढं करते; भाराखाली वेग टिकतो की नाही, ते मात्र लाकडावरच कळतं.

इथवर सगळं ठीक असेल तरच बिट लावावा: दांडा तळाला टेकवून २ मिमी मागे ओढून, किमान २० मिमी आत, आणि पहिली खाच एका वेळी ३ मिमीपेक्षा खोल नको.