अरेंजर कीबोर्ड की कंट्रोलर-लॅपटॉप? घरच्या वाजवणाऱ्यासाठी

दोन्हींचा खर्च साधारण सारखाच येतो, म्हणूनच माणूस अडकतो. एकीकडे अरेंजर: आवाज, ठेके, स्पीकर सगळं एकाच पेटाऱ्यात. दुसरीकडे मिडी कंट्रोलर (म्हणजे लॅपटॉपला जोडायचा, स्वतःचा आवाज नसलेला कीबोर्ड), ऑडिओ इंटरफेस (लॅपटॉपचा आवाज स्पीकरकडे नेणारी डबी) आणि घरात पडलेला लॅपटॉप. माझ्याकडे दोन्ही आहेत. नाशिकला गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये जेवणं उरकल्यावर वाजवणारा, अधूनमधून भजनाला बसणारा, सोसायटीच्या गणपतीत हमखास पकडला जाणारा असा जो कोणी असेल, त्याच्यासाठी हे लिहितोय. ज्यांना स्टुडिओ थाटायचाय त्यांचं गणित वेगळं.

लॅपटॉपची बाजू आधी मांडतो, कारण ती खरंच भक्कम आहे. थरावर थर रेकॉर्ड करता येतात, चुकलेला एकच सूर नंतर उचलून जागेवर ठेवता येतो, आणि आवाजांना अंत नाही. आपल्याकडचा एक दाखला देतो. अरेंजरमध्ये ‘ढोल’ म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा भांगड्याच्या वळणाचं असतं. टिपरू पडल्यावर छातीत घुमतो तो नाशिक ढोल त्यात मला अजून तरी सापडलेला नाही. गणपतीच्या आधी पथकांच्या तालमी चालतात तेव्हा लांब उभं राहून फोनवर चार ठोके रेकॉर्ड केले आणि सॅम्पलरमध्ये (रेकॉर्ड केलेला आवाज पट्ट्यांवर वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) टाकले, की तो ढोल तुमच्या पट्ट्यांवर येतो. (जवळ जाऊ नका, फोनचा माइक फाटतो.) ही मजा अरेंजरवर नाही, महागड्या मॉडेलमध्ये बाहेरचे आवाज भरता येतात, पण खटाटोप फार.

एवढं असूनही माझा लॅपटॉप हळूहळू मागे पडला, तो उशिरामुळे. पट्टी दाबल्यापासून आवाज येईपर्यंतचा हा उशीर म्हणजेच लेटन्सी. मिडीच्या तारेतून आवाज जात नाही, फक्त ‘हा सूर, एवढ्या जोराने’ असा निरोप जातो. आवाज लॅपटॉपने तयार करायचा, आणि त्यासाठी तो बफरमध्ये थोडं थोडं साठवून बाहेर सोडतो. सेकंदाला ४४,१०० नमुने (हा सॅम्पल रेट) धरले तर ५१२ नमुन्यांचा बफर म्हणजे जवळपास १२ मिलिसेकंद. त्यावर इंटरफेसचा आणि तो चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, म्हणजे ड्रायव्हरचा, वेळ वेगळा. कागदावर हे काहीच नाही. स्पीकर चार मीटर लांब ठेवला तरी आवाज पोचायला तेवढाच वेळ लागतो. एकटं वाजवताना बोटं आपोआप सांभाळून घेतात, म्हणून बरेच जण म्हणतील की आम्हाला काही जाणवत नाही. तेही खरं असेल.

पण शेजारी तबला आला की लपत नाही. आमचा तबलजी वयाने लहान, बोलायला अदबीचा. तोही एकदा म्हणाला, “काका, समेवर तुम्ही जरा मागून येताय.” मी बफर १२८ वर आणला. लगेच कडकड सुरू, कारण तानपुरा, स्ट्रिंग्ज आणि पेटी एकदम चालवायला माझ्या लॅपटॉपचा जीव पुरेना. पुन्हा वाढवला, पुन्हा मागे. प्रत्येक बैठकीत वाजवण्याआधी हीच ओढाताण. अभंग सुरू व्हायचा तेव्हा मी स्क्रीनमध्ये डोकं घालून बसलेला. नवा, दमदार लॅपटॉप किंवा मॅक असेल तर हा त्रास बराच कमी होतो हे मान्य. पण मग सुरुवातीला म्हटलेला सारखा खर्च सारखा राहत नाही. अरेंजरचं बटण दाबलं की थोड्या वेळात तो तयार, आणि पट्टी दाबली की सूर हजर. मोजून पाहिलेलं नाही, तबलजीची तक्रार थांबली एवढंच सांगू शकतो.

अरेंजरची मला खटकणारी गोष्ट म्हणजे ऑटो कॉर्ड, म्हणजे यंत्राने आपोआप धरलेली सुरांची साथ. चित्रपटगीतांना छान, पण भैरवीत कोमल रिषभावर यावं आणि खाली यंत्राने आपल्या मनाने मेजर कॉर्ड धरावा, हे कानाला सोसत नाही. मी कॉर्ड बंद ठेवून फक्त ठेका चालवतो. दादरा, केरवा, भजनी मिळून जातात. रूपक किंवा झपताल हवा असेल तर मॉडेल बघूनच घ्या. गायकाची पट्टी काळी एक असो की पांढरी चार, ट्रान्सपोज (बोटं तीच ठेवून पट्टी बदलायची सोय) दोन्हीकडे आहे. मींड दोन्हीकडे पिच बेंडच्या, म्हणजे सूर वरखाली सरकवायच्या, चाकावरच काढावी लागते, आणि दोन्हीकडे ती पेटीपेक्षा बरी. वीज गेली तर सेलवर चालणारे अरेंजर लहान आकारातच मिळतात, मोठ्यांना इन्व्हर्टर लागतो.

मला वाटतं, पहिली खरेदी अरेंजरची असावी. आजच्या बहुतेक अरेंजरना यूएसबी असते. ती लॅपटॉपला जोडली की तोच कंट्रोलर होतो आणि ढोलाचे प्रयोग रविवारी निवांत करता येतात. नुसत्या कंट्रोलरला मात्र स्वतःचा आवाज नसतो, त्यामुळे लॅपटॉपशिवाय तो भजनाला नेता येत नाही.

दुकानात गेलात तर विक्रेता झगमगीत डेमो लावेल, तो बंद करायला सांगा. भजनी ठेका लावा, लय सत्तरपर्यंत उतरवा आणि दोन ठोक्यांमधली जागा ऐका. हलक्या मॉडेलचा तबला तिथे पोकळ वाजतो. ब्लूटूथ हेडफोनवर मात्र ऐकू नका, त्यांचा स्वतःचाच उशीर इतका असतो की चांगलं मॉडेलही मंद वाटेल.