तयार ४ एक्स सॅम्पल बफर: आठ महिने वापरल्यावर

पहिल्या महिन्यात या बाटलीला मी भरपूर शिव्या घातल्या. त्यातल्या निम्म्या परत घ्यायच्या आहेत.

कोल्हापुरातल्या आमच्या लॅबमध्ये उसाच्या पानांतली प्रथिनं एसडीएस-पेजवर बघतो, म्हणजे जेलमधून वीज सोडून आकारानुसार वेगळी करतो. त्याआधी सॅम्पल ज्यात मिसळून तापवायचं तो हा सॅम्पल बफर, चौपट दाट म्हणून ४ एक्स. आधी बफर आम्हीच बनवायचो. त्यातल्या एसडीएसची (साबणासारखं रसायन) पूड तोलताना जरा उडाली की दिवसभर शिंका, म्हणून तयार घेतला. माप सोपं: ३० मायक्रोलिटर सॅम्पल, १० बफर. प्रथिनांतले सल्फरचे बंध तोडणारं, उग्र वासाचं बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल मात्र आयत्या वेळी आपणच घालायचं, तेही फ्यूम हूडमध्येच (वाफा ओढून घेणारं कपाट). एकदा आळसानं टेबलावर उघडलं, तर शेजारच्या लॅबमधून 'गॅस लीक झालाय का?' म्हणून विचारणा आली.

बाटलीत पांढरा साका दिसला तर घाबरू नका. गारठ्यात एसडीएस खाली बसतं. डिसेंबरात सकाळी टेबलावरच्या बाटलीतही बसलं होतं. कोमट पाण्यात धरली की नितळ.

माझा खरा छळ वेगळ्याच साक्यानं केला. ९५ अंशाला पाच मिनिटं ठेवलं की सॅम्पल एकदम स्वच्छ. वेलपर्यंत (जेलमधली सॅम्पल भरायची खाच) नेईतो परत फाटलेल्या दुधासारखं! पिपेटची टिप तुंबायची, लेन (वेलखालचा पट्टा) रिकामी. पुन्हा गरम करा, पुन्हा तेच. तीन आठवडे मी ड्राय बाथवर (ट्यूब तापवायचं यंत्र) संशय घेतला, मग बफरवर. कंपनीला मेल केली, उत्तर नाही. शेवटी मॅडमनी विचारलं, "पानं वाटतेस कशात गं?" पोटॅशियम फॉस्फेटमध्ये! पोटॅशियम आणि डोडेसिल सल्फेट भेटले की त्यांचा क्षार गरम असेतो विरघळलेला राहतो, गार होताच बसतो. ट्रिस या पोटॅशियम नसलेल्या बफरमध्ये वाटायला लागले आणि साका गेला.

मैत्रिणीच्या जिवाणूंच्या सॅम्पलला तर गुऱ्हाळातल्या पाकासारखी तार यायची. तो डीएनए. पिपेट उचलली की सॅम्पल वेलमधून निघून शेजारच्या लेनमध्ये. राजारामपुरीतल्या मेडिकलमधून सिरिंज आणि २६ नंबरची सुई आणली, आठ-दहा वेळा ओढलं-सोडलं, दहा मिनिटं सेंट्रिफ्यूजमध्ये स्पिन केलं. वरचंच लोड करायचं.

उसाच्या पानांचा अर्क तपकिरी पडतो, म्हणून आता टीसीए (एक आम्ल) आणि ॲसिटोननं प्रथिनं साक्यासारखी खाली पाडते, मग धुते. धुणं कमी पडलं की आम्ल उरतं आणि बफर घालताच निळ्याचं पिवळं होतं. साधं ट्रिस (आम्ल न घातलेलं) एकेक मायक्रोलिटर घालत निळं परत आणायचं. बफरमधल्या ब्रोमोफेनॉल ब्लू या रंगाची ही चुगली मला फार आवडते, अर्थात ती घरच्या बफरमध्येही असते. ब्रॅडफर्ड (प्रथिनं किती आहेत ते मोजायची चाचणी) मात्र बफर घालण्याआधीच करून घ्या, एसडीएसनं आकडे बिघडतात.

आता दुसरी बाटली मागवलीय, छोटी. आल्या आल्या एकेक मिलीच्या ट्यूबमध्ये वाटून ठेवणार. पहिली सारखी गरम-गार करून आणि झाकण उघडं टाकून तळाशी घट्ट झाली होती.